इकामा आणि कायम वास्तव्य : परदेशी निघालेल्या कारागिराचा हिशेब

‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हे दोन शब्द आपल्या जिल्ह्यातील जुन्या मंडळींना चांगले ठाऊक आहेत. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाच्या नोकरीसाठी माणूस मुल्की असावा लागे. जो जन्माने मुल्की नाही त्याने काय करावे, याचीही तरतूद १९१९ च्या फर्मानात होती. त्याने संस्थानात पंधरा वर्षे कायम वास्तव्य करावे आणि मूळ मुलखात परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे असे प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे, मग तो मुल्की ठरे. पंधरा वर्षे काही थोडी नव्हेत. पण बाहेरून आलेल्या माणसासाठी दार होते आणि ते किती वर्षांनी उघडेल हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत असे.

आज आपली मुले दुसऱ्यांच्या मुलखात गैरमुल्की होऊन जात आहेत. बार्शी नाक्यापासून मोमीनपुऱ्यापर्यंतच्या गॅरेजांत, वेल्डिंगच्या दुकानांत आणि शिलाईच्या कारखान्यांत बाहेर जाण्याची गोष्ट निघाली नाही असा आठवडा जात नाही. बाहेर जाणारा आणि त्याच्या घरचे वडीलधारे तीन प्रश्न हमखास विचारतात. पगार किती, व्हिसाला किती लागतील आणि निघायचे कधी. चौथा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. तिथे किती वर्षे राबल्यावर राहण्याचा हक्क मिळेल, की मुळीच मिळणार नाही? आमच्या मते दागिने मोडण्याआधी किंवा प्लॉट विकण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. याचे उत्तर प्रत्येक देशात वेगळे आहे. म्हणून ते एकदा सविस्तर मांडावे असे आम्हास वाटले.

आखाती देशांपासून सुरुवात करू, कारण आपली बहुतेक माणसे तिकडेच गेली आणि जात आहेत. सौदी अरेबियात राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, आणि इकामा मालकाशी, म्हणजे कफीलशी बांधलेला. आपल्या जिल्ह्याला हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीला जाणारा कोयता मुकादमाची उचल घेतो आणि हंगाम संपेपर्यंत त्याला बांधला जातो. आखातात जाणाऱ्याची उचल उलटी असते, एवढाच फरक. तो आपलेच पैसे एजंटाला देतो आणि ते फिटेपर्यंत तिथे बांधला जातो. अलीकडे काही सुधारणा झाल्या हे मान्य केले पाहिजे. कतारने २०२० मध्ये आणि सौदीने मार्च २०२१ पासून नोकरी बदलण्याची वाट मोकळी केली. तरीही मूळ गोष्ट तशीच राहिली. नोकरी आहे तोवर वास्तव्य आहे. वीस वर्षे रियाधमध्ये वायरिंग केलेल्या माणसालाही त्या वीस वर्षांच्या बळावर एक दिवस जास्त राहण्याचा हक्क मिळत नाही.

हक्क नसेल तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. सौदी सरकारने जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी बसवली. ती दरवर्षी शंभराने वाढवत २०२० पर्यंत ४०० वर नेली. पत्नी आणि तीन मुले असलेल्या माणसाला नुसते त्यांना जवळ ठेवण्यासाठी महिन्याला १,६०० रियाल, म्हणजे वर्षाला १९,२०० रियाल मोजावे लागू लागले. पगार तोच. मग अनेकांनी बायकामुलांना परत पाठवले. त्याआधी २०१६ मध्ये मोबाईलची विक्री-दुरुस्ती करणाऱ्या दुकानांत फक्त सौदी नागरिकच काम करतील असा नियम झाला आणि त्या धंद्यात हात बसलेल्या परदेशी कारागिरांना काही महिन्यांत बाहेर पडावे लागले. त्या देशाने आपल्या मुलांसाठी केलेला हा नियम, त्यावर आम्ही काय बोलणार! पण ज्याची रोजी गेली त्याच्या हातात दाद मागण्याचा एकही कागद नव्हता.

कोणी म्हणेल, सौदीतही आता कायम वास्तव्य मिळते. मिळते; २०१९ मध्ये योजना निघाली तेव्हा त्याची किंमत ठेवली एकरकमी आठ लाख रियाल. संयुक्त अरब अमिरातीचा गोल्डन व्हिसाही २०१९ चाच. तो दहा वर्षांचा असतो, पण मुख्यतः मोठी गुंतवणूक करणारे आणि उच्चशिक्षित, मोठ्या पगाराचे लोक यांच्यासाठी. वेल्डर आणि फिटर त्या दारात उभेही राहू शकत नाहीत.

याचा अर्थ आखातात जाऊ नये असा आम्ही काढत नाही. पाच-सात वर्षे कमवायचे, घर बांधायचे, बहिणीचे लग्न करायचे आणि परत येऊन स्वतःचे दुकान टाकायचे, असा ज्याचा हिशेब पक्का आहे त्याला आखातासारखी सोयीची जागा नाही. पगारावर आयकर नाही, नवी भाषा शिकण्यात वर्ष घालवावे लागत नाही आणि घरी येणेजाणे सोपे आहे. नुकसान होते ते परतीची तारीख न ठरवता गेलेल्यांचे. पन्नाशी ओलांडल्यावर इकामा संपतो आणि गावी दुकान नसते, ना तिथे पेन्शन.

आता जर्मनीकडे वळू. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसे पाठवण्याची ती गोष्ट होती आणि यादीत परिचारिकांबरोबर इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, गवंडी, रंगारी, गाड्यांचे मेकॅनिक, ट्रकचालक असे आपलेच धंदे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. बातम्या वाचून पुष्कळांना वाटले, आता बीडहून गाडी भरून माणसे निघणार. करार झाला म्हणजे जागा मिळाली असे होत नाही. त्या जागेपर्यंत जाण्याचा रस्ता जर्मन कायद्याने ठरवला आहे.

त्या रस्त्याच्या वाटा तीन. पहिली, ज्याच्या शिक्षणाला जर्मनीने मान्यता दिली त्याची. आपला आयटीआयचा दाखला तिकडच्या तीन-साडेतीन वर्षांच्या शिक्षणाशी ताडून पाहिला जातो. कारखान्यांतील धंद्यांसाठी न्यूरेंबर्गची आयएचके फोसा ही संस्था आहे, तर कारागिरीच्या धंद्यांसाठी त्या त्या भागातील कारागीर मंडळ हे काम करते. पूर्ण मान्यता मिळालेल्या कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्य मागता येते. त्यासाठी ३६ महिने पेन्शनची वर्गणी भरलेली हवी आणि जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत आलेली हवी. बहुधा आपल्या दाखल्याला अर्धीच मान्यता मिळते. त्यासाठीही मार्च २०२४ पासून सोय झाली आहे. मालकाशी करार करून आणि ए-२ पातळीची जर्मन शिकून तिकडे जावे, काम करता करता उरलेले शिक्षण पुरे करावे.

दुसरी वाट निव्वळ अनुभवाची. दोन वर्षांचा सरकारमान्य दाखला आणि त्यावर किमान दोन वर्षांचे काम असेल, तर जर्मन मान्यतेशिवायही नोकरी धरून जाता येते. मात्र पगार कायद्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी चालत नाही. या वाटेने गेलेल्याला कायम वास्तव्यासाठी तीन नव्हे, पाच वर्षे थांबावे लागते. येथे एक बारीक गोष्ट आहे, ती दाखला घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर आणि डिझेल मेकॅनिक एका वर्षाचे आहेत. या वाटेसाठी एका वर्षाचा दाखला तोकडा पडतो. दहावीनंतर आयटीआयचा अर्ज भरताना ‘लवकर सुटका’ म्हणून एक वर्षाचा धंदा निवडणाऱ्या मुलाने हे आधी जाणून घ्यावे. विश्वकर्मा योजनेच्या कार्डाचेही तसेच. २०२३ ची ही योजना सुतार, लोहार, शिंपी, गवंडी अशा अठरा धंद्यांसाठी चांगली आहे. अवजारांना मदत आणि कमी व्याजाचे कर्ज तिच्यातून मिळते. पण पंधरा दिवसांचे ते प्रशिक्षण दोन वर्षांच्या दाखल्याच्या जागी उभे राहू शकत नाही.

तिसरी वाट आम्हाला सर्वांत पसंत आहे. मुलगा अठरा-वीसचा असेल, त्याने येथे जर्मन बी-१ पर्यंत शिकावी आणि तिकडच्या मालकाकडे ‘आउसबिल्डुंग’ला जावे. हा शब्द अवघड, पण आपल्याला गोष्ट जुनीच आहे. उस्ताद आणि शागिर्द. आठवड्यातले काही दिवस उस्तादाच्या हाताखाली काम, काही दिवस धंद्याच्या शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. तीन-साडेतीन वर्षांनी परीक्षा होते. दाखला जर्मनीचाच असल्याने मान्यतेचा प्रश्न उरत नाही आणि त्यानंतर दोन वर्षे कुशल कामगार म्हणून काम केले की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्यांचे ब्लू कार्ड याहून लवकर फळते. त्यांना २७ महिन्यांनी, आणि जर्मन बी-१ येत असेल तर २१ महिन्यांनीच अर्ज करता येतो.

जर्मनीत पगारातून कर, आरोग्य विमा आणि पेन्शनची वर्गणी कापली जाते. हातात येणारी रक्कम बघून नवखा माणूस निराश होतो. दुबईत गेलेला मित्र फोनवर त्याला हसतो. पण पेन्शनची ती कपात म्हणजेच वास्तव्याची हप्तेवही आहे. ३६ हप्ते भरले की हक्क मागता येतो. रोखीने काम करून कपात चुकवणारा आपलेच महिने बुडवतो. आणखी एक. कायम वास्तव्य मिळवून सहा महिन्यांहून जास्त काळ गावी राहिले तर ते साधारणपणे रद्द होते. आईवडील म्हातारे असतील आणि घरात दुसरे कोणी नसेल, तर ही अट आधी लक्षात घ्यावी.

२०२४ च्या जूनपासून जर्मनीने ‘चान्सेनकार्ट’ नावाचे कार्ड काढले आहे. त्यावर एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधता येते. हा नोकरीचा व्हिसा नव्हे. खर्चाचे पैसे आपल्याच खात्यात दाखवावे लागतात आणि वर्षात काम मिळाले नाही तर परत यावे लागते. जो एजंट हे कार्ड नोकरी म्हणून विकेल त्याच्या दुकानाची पायरी उतरावी.

कॅनडाची रीत या सर्वांहून निराळी आहे. तिथे बहुतेक कुशल कामगारांना विमानातून उतरतानाच कायम वास्तव्य मिळते, तेही बायकामुलांसकट. कारागिरांसाठी २०१३ पासून वेगळी योजना आहे. मागील पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि बेताचे इंग्रजी एवढ्यावर ती भागते, असे जाहिरातीत छापलेले असते. खाली बारीक अक्षरांत आणखी एक अट असते, ती अशी की एका वर्षाच्या नोकरीचे पत्र किंवा कॅनडातील एखाद्या प्रांताचे परीक्षा पास झाल्याचे प्रमाणपत्र हवे. बीडमध्ये बसून यातले एकही सहज मिळत नाही. नोकरीच्या पत्रांचा तर बाजारच भरला होता. म्हणून मार्च २०२५ पासून कॅनडाने गुणांच्या यादीतून नोकरीच्या पत्राचे जादा गुणच काढून टाकले. ज्यांनी त्या गुणांसाठी लाखो रुपये मोजले, त्यांचे पैसे पाण्यात गेले. त्यातच तिकडच्या सरकारने वर्षाला घ्यायच्या माणसांची संख्याही कमी केली आहे. दार आहे, पण अरुंद झाले आहे. कायम वास्तव्य मिळाल्यावर दर पाच वर्षांत दोन वर्षे तिथे राहणे भाग असते.

ऑस्ट्रेलियात हुन्नराची परीक्षा सरकारी यंत्रणा घेते. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मोटार मेकॅनिक, वेल्डर अशा धंद्यांची कागदपत्रे आणि प्रत्यक्ष काम दोन्ही तपासतात. वयाची मर्यादा ४५ आहे. आडगावच्या भागात जाण्याची तयारी असेल तर तात्पुरत्या व्हिसावर तीन वर्षे काढून कायम वास्तव्य मागता येते.

इंग्लंडबद्दल थोडक्यात सांगतो. २२ जुलै २०२५ पासून पदवीच्या खालच्या बहुतेक कामांना कुशल कामगाराचा व्हिसा बंद झाला आणि वृद्धांची सेवा करणाऱ्यांची परदेशातून भरतीही बंद झाली. वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षे करण्याचा बेत तिकडच्या सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर केला. अमेरिकेत कुशल कामगाराला ग्रीन कार्डाचा कायदेशीर मार्ग आहे, पण भारतीयांची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे. कारागिराने या दोन्हींच्या नादी लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्यापारी बंधू विचारतील, आमचे काय? या सर्व वाटा हुन्नरवाल्यांच्या आहेत. कापड, किराणा, फळे यांच्या व्यापाऱ्याला त्यांतून जाता येत नाही. त्याच्यासाठी भांडवलाचे वेगळे रस्ते असतात आणि त्यांवर स्वतंत्र लिहावे लागेल. मात्र व्यापाऱ्याचा या विषयाशी संबंध नाही असेही नाही. वर्कशॉप, गॅरेज, फर्निचरचे कारखाने चालवणारे मालक तेच आहेत, आणि आमची खरी तक्रार त्यांच्याकडेच आहे.

आपल्या मुलांच्या हातात हुन्नर आहे, कागद नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी गॅरेजात आलेला मुलगा विसाव्या वर्षी इंजिन खोलून जोडतो. त्याला विचारा, आठ वर्षे काम केलेस याचा पुरावा काय? पगार दर शनिवारी रोख हातात. हजेरीवही असली तर उस्तादाच्या पेटीत आणि त्यात नाव ‘बबलू’. जर्मनी असो की ऑस्ट्रेलिया, तपासणारा माणूस पगाराची पावती, बँकेचे पासबुक आणि मालकाचे पत्र मागतो. ऑस्ट्रेलियात शाळेच्या दाखल्याविना अनुभवावरही तपासणी होते, पण तो अनुभव कागदावर दिसला पाहिजे. जर्मनीतही कागद अपुरे असतील तर प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची तरतूद आहे, आणि तिथे आपला मुलगा कोणाला हार जाणार नाही. पण त्यासाठीही सुरुवातीला काहीतरी दाखवावे लागतेच. परळीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राबलेल्या फिटरचा निदान पीएफचा क्रमांक असतो. तो आज त्याच्या उपयोगी पडतो. बीडच्या गॅरेजातला त्याच्याहून हुशार मुलगा मागे राहतो.

मालकांना यात फार खर्च नाही. पगार बँकेतून द्यावा. दुकान उद्यम नोंदणीत घ्यावे, म्हणजे त्याच्या पत्राला वजन येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चार माणसे असलेल्या छोट्या कारखान्यालाही शिकाऊ उमेदवार रीतसर ठेवता येतो आणि त्याच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. काही उस्तादांना भीती वाटते की कागद दिला तर पोरगा पळून जाईल. पोरगा कागदावाचूनही पळतोच, मुंबईला किंवा दम्मामला. तिथे तो मजूर म्हणून उभा राहतो.

आणि नावे! शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर स्पेलिंग तिसरेच. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर अर्धे. बाहेरच्या कार्यालयातील माणसाला ही तीन माणसे वाटतात. पासपोर्ट काढण्याआधी सर्व कागद एका स्पेलिंगचे करून घ्यावेत. नंतर ते राजपत्राचे काम होऊन बसते.

एजंटाबाबत कायदा साफ आहे. परदेशी नोकरीला माणसे पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असला पाहिजे. त्याची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्याने घ्यायची फी जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, तीही पावती देऊन. दीड-दोन लाख मागणाऱ्याला हा आकडा तोंडावर सांगावा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असते आणि आखातासह अठरा देशांसाठी त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ती टाळण्यासाठी व्हिजिट व्हिसावर जाणारा अपघात झाला तर दहा लाखांच्या प्रवासी विम्यालाही मुकतो.

जमिनीबद्दलही एक शंका वारंवार येते. कायम वास्तव्य म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारतीय पासपोर्ट तसाच राहतो. तिकडचे नागरिकत्व घेतले तर मात्र तो जमा करावा लागतो, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. आणि परदेशी राहणाऱ्याला, मग तो सौदीत असो की जर्मनीत, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. पेठेतला गाळा किंवा घर घेण्यास अडचण नाही. गावाकडे दोन एकर घेण्यासाठी जो बाहेर निघाला असेल त्याने आधी वकिलाला विचारावे.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. जर्मनचे वर्ग गोएथे इन्स्टिट्यूटतर्फे पुण्यामुंबईत चालतात आणि बी-१ पर्यंत जाण्यास सर्वसाधारण मुलाला वर्षभर तरी लागते. म्हणून दोन वर्षांचा धंदा निवडलेल्या मुलाने दुसऱ्या वर्षातच भाषेची पहिली परीक्षा देण्याची तयारी धरावी. त्याचा दाखला आणि त्याची भाषा मग एकाच उन्हाळ्यात हाती येतील.